आकडा जमिनीचा, भिंत आपली

ग्यानबामामा कुणाच्याही घरी गेले की रामराम आधी माणसांना नव्हे, भिंतीला घालत. म्हणजे बोटांच्या पेरांनी ती ठोकत, कान लावून ऐकत आणि घरातल्या बाईसमोर म्हणत, "पोट सुटलंय हिचं." यावरून आमच्या पाथरी गावात दोन-तीन चांगली भांडणं झाली आहेत.

मामा गवंडी. कोयनेच्या धरणावर कामाला होते. तिथला मोठा भूकंप झाला, त्यानंतर ते एकटेच गावी परतले आणि सत्तरच्या दशकातली सगळी वर्षं आम्हाला भूकंप शिकवत राहिले. आमच्याकडे जमीन हलल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. भाचीसाठी स्थळ बघायला गेले, ते परत येऊन म्हणाले, "पोरगा लय चांगला हाय. भिंत नालायक हाय. न्हाई जमायचं."

तो भूकंप कितीचा होता, असं कुणी विचारलं की मामा भडकत. "आकडा जमिनीचा असतो, भिंत आपली असती! मोठा धक्का चिरा पाडून जातो. मागून बारके येतेत, महिनोन् महिने. तवर भिंत खिळखिळी आन् माणूस बेफिकीर. मग मारायला बारका बी पुरतो."

एका उन्हाळ्यात आमच्या मुलींच्या शाळेची पाळी आली. मी तिथली मुख्याध्यापिका. शाळा जुन्या माळवदाखाली भरायची. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा, हा रिवाज. जुना थर मात्र कुणी काढत नसे. गळू लागलं की मातीच्या आणखी पाट्या.

माती टाकायच्या सकाळी मजुरांनी शिडी लावली, तर मामा आधीच वर, मांडी घालून बसलेले. शाळा समितीचे अध्यक्ष तात्या खालून ओरडले, "मामा, उतरा. हितं कुठला आलाय भूकंप?"

"आला म्हणलो का मी? मागची भिंत झुकलीय, ती पावसानं बी बसंल. तात्या, तुमच्या डोक्यावर दर सालाला एक पटका चढवला, जुना न काढता, तर मान ऱ्हाईल का?"

मजूर हसले. तात्या हसले नाहीत. "पोलीस बोलवीन!"

"बोलवा. पण त्येंला वर पाठवू नका. वजन लय हुईल."

मला भूकंपाशी काही देणंघेणं नव्हतं. शाळा उघडायच्या आत छत हवं होतं आणि हा माणूस हलणार नव्हता. मी पदर खोचला आणि शिडी चढले.

"मामा, माझ्या साठ पोरी बसायच्या आहेत खाली."

"म्हणून तर बसलोय, बाई." त्यांनी बोटांच्या पेरांनी छत ठोकलं. मग म्हणाले, "मोठा धक्का आला तवा आमी दोघं नवरा-बायको बाहेर पळालो. वाचलो. उजाडलं. बारके सुरूच होते. थंडी लय. ती म्हणली, घोंगडी आणू का आतून? म्या म्हणलं, जा, आता बारकेच हायत."

मी उठले आणि वरूनच मजुरांना सांगितलं, "पाट्या ठेवा खाली. आधी फावडी आणा. जुनी माती उतरवायची आहे."

"कुणाच्या परवानगीनं?" तात्या.

"माझ्या."

चार दिवस माती उतरत होती. गाढवं थकली, तात्या थकले, मामा थकले नाहीत. मागच्या भिंतीला त्यांनी स्वतः लाकडी टेकू दिले, आतून चिरा भरल्या. वर एकच पातळ थर दिला.

पाचव्या दिवशी मी खराटा घेऊन वर्ग झाडायला निघाले, तर मामा दारात आडवे आले.

"बाई, तुमी हितंच थांबा."

मला थांबायला सांगणारा माणूस पाथरीत तोवर जन्मला नव्हता. मी थांबले.

मामा एकटे आत गेले. वर्गाच्या मधोमध, छताखाली, हात मागे बांधून उभे राहिले. बराच वेळ. "काय करायलाय हा?" तात्या कुजबुजले. मी त्यांना गप्प केलं.

मामा बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बसवा पोरींला."