फल्याची टोळी

"या शहरातल्या गुन्हेगारांना झोप लागत नाही, त्याला मी एकटा जबाबदार आहे," असं दुर्बीण अगदी सहज सांगायचा. आपली नजर घारीची, कान सशाचे आणि मेंदू कशाचा हे अजून विज्ञानाला उमगायचंय, हेही तोच सांगायचा. पोटापाण्यासाठी तो चष्म्याच्या दुकानात काचा पुसायचा, पण ते निव्वळ वेशांतर. दुर्बीण हे नाव त्याला गल्लीने दिलेलं. लांबचं सगळं दिसतं आणि नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून. तो मात्र ते पदवीसारखं मिरवायचा.

त्याच्या भावोजींना आज ही पदवी सोबत घेऊन शाळेत यावं लागलं होतं. बायकोचा भाऊ म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शिवाय बायकोने सकाळी बजावलं होतं, "दादाला न्या बरोबर. त्याला कागदपत्रांतलं कळतं."

भिंगरीचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, नाव पहिलीत घालायचं होतं आणि आज नावनोंदणीचा शेवटचा दिवस होता. इथे जमलं नाही तर पोर हमरस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार. तिकडे रोज सोडणार कोण? भावोजी पहाटेपासून पावाची व्हॅन घेऊन फिरायचे आणि बायकोची सकाळची पाळी. दोघांपैकी एकाला काम सोडावं लागलं असतं, आणि दोघांच्या पगाराशिवाय घर चालत नव्हतं.

शाळेच्या हद्दीत राहत असल्याचा पुरावा होता, लशींचं कार्ड होतं, जन्माचा दाखलाही होता. पण दारातच दुर्बिणीने तो दाखला त्यांच्या हातातून काढून आपल्या कोटाच्या आतल्या खिशात टाकला.

"अस्सल पुरावा समोरच्याच्या हाती कधी द्यायचा नसतो, भावोजी. झेरॉक्स द्या."

खिडकीमागे कारकूनबाई गालाला रुमाल लावून बसल्या होत्या. चेहरा असा, की नुकतंच कोणाशी तरी भांडण झालंय आणि त्या हरल्यात. त्यांनी झेरॉक्स उलटीपालटी करून पाहिली.

"हे चालत नाही. मूल आणा."

भिंगरी शेजारणीकडे होती. भावोजी पळत गेले आणि एकाच बाजूची वेणी घातलेली लेक काखोटीला मारून परत आले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ही कोण?"

"मूल."

"गोड आहे. पण मूल कुठंय?"

"हेच की!"

"अहो, हे काय करू मी? खरं मूल पाहिजे. नक्कल चालणार नाही." बाई वैतागल्या. "आणि माझी वेल घालवू नका. दुपारी खिडकी बंद होते. सगलं फल्यावर आहे!"

भावोजींनी घड्याळाकडे पाहिलं. दुर्बिणीचे डोळे मात्र चमकले. त्याने भावोजींना दंडाला धरून भिंतीपाशी नेलं आणि स्वतः ऐटीत पाठ टेकून उभा राहिला.

"ऐकलंत? 'माझी वेल.' बागेचा पत्ता नाही आणि हिची वेल कुठली? सांकेतिक भाषा आहे ही. आणि शेवटी ती काय म्हणाली?"

"सगलं फल्यावर आहे."

"फल्या! नावातच गुन्हेगारी आहे. टोळीचा म्होरक्या. सगळं त्याच्यावर अवलंबून आहे असं ती भीतीपोटी बोलून गेली."

"कसली टोळी?"

"मुलं बदलणारी. भावोजी, मन घट्ट करा. ही भिंगरी नक्कल आहे."

भावोजींनी लेकीकडे पाहिलं. ती नाकात बोट घालून उभी होती. नाक थेट तिच्या मामाचं.

"नाक तुमचंच आहे हिला."

"तिथेच तर टोळीची हुशारी!" दुर्बीण खाली वाकला. "बाळ, तुझं खरं नाव काय?"

"भिंगरी."

"आणि खोटं?"

"मामा, मला शू लागली."

"विषय बदलते," दुर्बीण गंभीरपणे पुटपुटला. "चांगलं शिकवलंय तिला."

भावोजी तिला बाथरूमला नेऊन आणेपर्यंत दुर्बिणीने रांगेतल्या पालकांची उलटतपासणी सुरू केली होती. "फल्याला ओळखता?" एका गृहस्थांनी विचार करून सांगितलं, फळ्या हव्या असतील तर सुताराकडे जा. दुर्बिणीने लगेच निष्कर्ष काढला, की फल्या सुताराच्या वेशात वावरतो. मग म्हणाला, नाही, कारकूनबाई म्हणजेच फल्या, रुमालाखाली मिशा आहेत. मग म्हणाला, भावोजी, तुम्ही रविवारी कुठे होतात?

आता मात्र भावोजींच्या सहनशक्तीची हद्द झाली. "बास! खिडकी बंद होईल आता. हिच्या आईला काय सांगू मी? फल्याने शाळा बुडवली म्हणून?" भिंगरीने त्यांचा शर्ट घट्ट धरला.

बाकावर नातवाचे कागद मांडीवर घेऊन एक आजी बसल्या होत्या. इतका वेळ त्या फुकटचं नाटक पाहावं तशा पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मूल नाही हो, मूळ! दाखल्याची मूळ प्रत मागतेय ती. दाढ काढून थेट कामावर आलीये बिचारी, जीभ बधिर. ळ निघायचा कुठून? माझी कवळी काढली की माझीही तीच गत." आणि खात्रीसाठी त्यांनी कवळी खरोखरच काढून दाखवली. "कवली," त्या म्हणाल्या, आणि परत बसवली.

"मग फल्या?" दुर्बिणीने क्षीण आवाजात विचारलं.

"त्यालाच टेकून उभे होतात मघापासून."

दुर्बीण वळला. मागे काळा फळा होता. नियमांच्या जवळजवळ सगळ्या ओळी पुसल्या गेल्या होत्या, कारण त्या आता त्याच्या पाठीवर होत्या. गडद कोटावर पांढऱ्या खडूत, उलटं का होईना, 'मूळ प्रत' स्पष्ट वाचता येत होतं.

भावोजींनी हात पुढे केला. दुर्बिणीने आतल्या खिशातून दाखला काढून त्यावर ठेवला. "सुरक्षित होता," तो म्हणाला.

खिडकी बंद व्हायच्या आत शिक्का पडला. भावोजींना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी आजींना वाकून नमस्कारच केला.

"एक राहिलं," बाई म्हणाल्या. "शाला सुटल्यावर न्यायला कोण येणार? आईबाबांखेरीज एक नाव लागतं. दुसऱ्या कोणाकडे आम्ही मूल देत नाही." या वेळचं मूल मात्र मूलच होतं.

शेजारीण चालेल का, असा भावोजी विचार करत होते, तेवढ्यात भिंगरी खिडकीच्या कट्ट्याला लोंबकळत म्हणाली, "मामा."

दुर्बिणीची छाती फुगली. "का गं? माझ्या घारीच्या नजरेमुळे ना?"

"नाही. मामाला काही कामच नसतं," भिंगरी म्हणाली. "आणि गर्दीत तो माझा हात कधी सोडत नाही."

भावोजींना हे नाकारता येईना. खरंच, या माणसाने आजवर जगातलं सगळं हरवलं होतं, पण भिंगरीला कधी नाही. त्यांनी मान डोलावली.

"नाव आणि फोन नंबर सांगा," बाई म्हणाल्या.

दुर्बिणीने तोंड उघडलं. घसा असा दाटून आला होता, की पहिल्या खेपेला नुसतीच हवा बाहेर आली आणि दुसऱ्या खेपेला काहीतरी ओलं, अर्धवट.

बाईंनी गालावरचा रुमाल बाजूला केला. "नीट बोला हो," त्या म्हणाल्या. "एक अक्षर कलत नाही."