गुणाक्कांचं लंगडं व्रत

"येत्या श्रावणात कहाणी मीच वाचणार, आणि दातांनी वाचणार!" गुणाक्कांनी माघातच जाहीर केलं. म्हणजे फक्त नवऱ्याला, मारुतीरावांना. शहापुरातल्या गल्लीला कळता कामा नव्हतं. रोजच्या नेमाधर्माची बाई पन्नाशीत दातांची हौस करते म्हटलं की झालंच! पण गेल्या श्रावणात बोळक्यातून कहाणीतले शब्द फुस्सकन सांडत होते, बायका पदरात हसत होत्या, आणि पोथी मालुबाईकडं गेली होती. ते गुणाक्कांच्या हिरडीत अजून ठुसठुसत होतं.

डॉक्टर मुंबईहून नवं शिकून आलेला. म्हणाला, "आक्का, दात स्क्रूनं बसवू. पण जबड्याचं हाडच झिजलंय. भुसभुशीत मातीत खुंटी टिकंल का? आधी तिथं हाड भराय पायजे."

"कुणाचं?" गुणाक्का खुर्चीतनं अर्ध्या उठल्या. "मी एकादशी करणारी बाई हाय!"

"तुमचंच. कमरेचं काढायचं, जबड्यात बसवायचं."

घरचंच म्हटल्यावर त्या निवांत टेकल्या.

ऑपरेशन झालं. तोंड भोपळ्याएवढं सुजलं. आत टाके, म्हणून बोलायचं नाही, चावायचं नाही, नुसती पेज. कमरेतलं हाड काढलेलं, म्हणून डावा पाय ओढत चालायचं. पण पिंपळाची प्रदक्षिणा चुकवतील तर त्या गुणाक्का कसल्या! तोंडावर पदर घेऊन लंगडत निघाल्याच.

"आक्का, काय झालं गं?" मालुबाईनं विचारलं.

गुणाक्कांनी आभाळाकडं बोट केलं.

मालुबाई तडक मारुतीरावांकडं. त्यांना शपथ घातलेली! "तिचं... चाललंय काहीतरी. बोलायचं न्हाय, पेजेवर ऱ्हायचं."

"आन् लंगडायचं?"

"ते बी त्यातच आलं."

संपलं! दुसऱ्या दिवशी गुणाक्कांच्या मागं मालुबाई लंगडत होती. मग गंगव्वा. आठवड्यात सगळी गल्ली! तोंडावर पदर, मौन, एक पाय ओढत. गुणाक्कांनी वळून हातवारे केले, 'नको, नको!' तर मागच्या साऱ्याजणींनी तसेच हातवारे केले! त्यात गंगव्वाची हरवलेली शेळी सापडली. म्हणजे व्रत पावलंच!

टाके निघाले त्या संध्याकाळी मालुबाईनं देवळात पाट मांडला. "आक्का, व्रत म्हटलं की कहाणी पायजेच. तूच सांग."

गुणाक्का पाटावर कशाबशा एका अंगावर टेकल्या. दात अजून यायचे होते, पाट मात्र आधीच आला होता. खोटं सांगून नेम बाटवायचा, की खरं सांगून पाट घालवायचा? त्यांनी देवाकडं पाहून हात जोडले.

"आटपाट नगर होतं. तिथं एक दातांचा डॉक्टर होता..."

सगळं सांगितलं. हौस, चोरी, कमरेचं हाड, मारुतीरावांना घातलेली शपथ. शब्द पूर्वीसारखेच फुस्सकन सांडत होते. कुणी हसलं नाही. उलट शेवटी अक्षता पडल्या!

मालुबाई तेवढी रडवेली होऊन जवळ सरकली.

"आक्का, हाड डाव्या अंगाचं काढल्यालं व्हय? मी मेली इतके दिवस उजव्या पायानं लंगडलीया! आता पहिल्यापासनं करायचं का गं?"