दोन बांबू, कोरं कापड आणि माझा पहिला व्हिडिओ

व्हिडिओ काढायला पैसा लागतो असं म्हणणाऱ्यांना डोकं नसतं, असं माझं ठाम मत होतं. होतं!

मी गोपाल. डोणगावात वांगी-टोमॅटो पिकवतो. फोनवर रांधायचं चॅनल उघडलं होतं, पण त्यावर व्हिडिओ एकही नव्हता. आमच्या वडिलांनी, म्हणजे उकंडरावांनी, मला महिन्याभराची मुदत दिली होती. "एक व्हिडिओ टाकून दाखव. नाही तं गुमान वावरात ओलीत करायले, पानी सोडायले चाल!" त्या मुदतीचा आज शेवटचा दिवस. बेत पक्का होता. अंगणात चूल, चुलीवर मडकं, मडक्यात वांग्याची भाजी आणि वरून शूटिंग! शहरातली माणसं त्यासाठी महागाचे स्टँड घेतात. मी बांबूचा बांधणार होतो!

किराण्यापासून बांबूपर्यंत सगळं ठेवणाऱ्या भगवंतरावांच्या दुकानात गेलो.

"दोन लांब बांबू द्या, सुतळी द्या, पाच मीटर कोरं पांढरं कापड द्या." कापड उन्हाला आडवं धरलं की उजेड मऊ पडतो, हे मी कुठेतरी पाहिलं होतं. "आन् एक मडकं."

भगवंतरावांचा चेहरा पडला. एका लिंबासाठी तासभर घासाघीस करणारा हा माणूस, त्याने भावसुद्धा सांगितला नाही!

"कवा हाये?" त्यांनी हळूच विचारलं.

"चार वाजता. ऊन उतरलं का उरकून टाकतो."

"गवऱ्या हायेत का घरी?"

"हाव, ढीगभर हायेत."

त्यांनी माझा खांदा थोपटला. माझ्या चॅनलबद्दल गावाला एवढी आस्था! मला इतकं भरून आलं की मी चक्क डोळे पुसले. बाबांना गेल्याच आठवड्यात सलाईन लावलं होतं, हे मी विसरलो होतो. गाव विसरलं नव्हतं.

घरी येऊन कामाला लागलो. दोन बांबू शेजारी ठेवले, मधे आडव्या काड्या सुतळीने आवळल्या, मधोमध फोन अडकवला, वर कापड अंथरलं. बाजूला गवऱ्या पेटवून मडकं ठेवलं. छान धूर निघाला. तेवढ्यात बायको अनुपमा मसाल्याचं ताट घेऊन बाहेर आली. ताट हातातून पडलं!

"अहो! हे काय बांधलं दारात?"

"स्टँड!"

"ही तिरडी हाये!"

मी पाहिलं. तिरडीच होती! धुरावरच्या मडक्यासकट, काहीच कमी नव्हतं!

"उकंडदादा गेले वं मायऽऽ!" फाटकातून शेजारच्या जनकाबाईंनी हंबरडा फोडला. त्यांच्यामागे अर्धी गल्ली! भगवंतरावांनी गावभर फोन केले होते. कोणी हार आणला होता, कोणी तुळस. मयत आत आहे असं धरून लोक अंगणात बसलेसुद्धा! मी सांगायला तोंड उघडलं, तर त्या रडारडीत कोणाला ऐकूच जाईना.

कोणीतरी मला गोठ्यामागे ओढलं. पाहतो तर बाबा! वावरातून मागच्या वाटेने आलेले, पायाला चिखल.

"बाबा! लोकं तुमाले..."

"चूप बे! शेषराव आला हाये. आयकू दे!"

शेषराव काका म्हणजे आमचे वावराचे शेजारी. त्यांनी धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दगड आमच्याकडे सरकवला, असं बाबांचं म्हणणं. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. ते शेषराव काका माझ्या स्टँडपुढे कपाळ बडवत होते!

"उकंडा, माफ कर रे मले! धुरा मीच हातभर सरकवला! अकरा वर्षं खोटं बोललो!"

"बोलला! बोलला!" बाबा गोठ्यामागून उडी मारून बाहेर आले.

काय सांगू मंडळी! जनकाबाई हारावर कोसळल्या. भगवंतराव चपला टाकून थेट सडकेवर! शेषराव काका पांढरेफटक पडले, पण पक्का माणूस, लगेच सावरले.

"मेल्या मानसाबद्दल चांगलं बोला लागते, म्हनून बोललो! तू तं जिता हायेस. माहं बोलनं वापस!"

"वापस? पोराच्या फोनमंधी सारं आलं! आलं ना बे गोप्या?"

सगळं अंगण माझ्याकडे बघू लागलं. मी बांबूत अडकलेल्या फोनकडे पाहिलं. बटन दाबायचंच राहिलं होतं!

"हाव बाबा," मी ठोकून दिलं. "सारं आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्याचा दगड हातभर मागे! बाबा त्या हातभर जमिनीवरून तीनदा चालले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला राहवलं नाही, खरं काय ते सांगून टाकलं. बाबांनी आधी शेषराव काका आसपास नाहीत ना ते पाहिलं.

"आता तू एकबी व्हिडिओ टाकायचा नाही," ते म्हणाले. "दुसरा टाकला, तं शेषराव म्हनन, माहा कुठी हाये? तुले फोनचं बटन दाबता येत नाही, हे त्याले कळालं नाही पायजे!"

तेव्हापासून मी पहाटे उठून वांग्यांना पाणी सोडतो. चॅनलवर एकही व्हिडिओ नाही. सबस्क्रायबर मात्र एक आहे, घंटी दाबून बसलेला. शेषराव काका!