माणसं पाहून होणारी गळती

परदेशात अग्निसुरक्षेचं शिक्षण घेताना, म्हणजे दोन वर्षं उकडलेल्या बटाट्यांसमोर बसून, दामिनीनं अकोल्याचं एकच चित्र मनात जपलं होतं. जठारपेठेतलं चार मजली घर, घरात एकच चूल, चुलीवर लाल तर्रीची वांग्याची भाजी, बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि सगळं कुटुंब घाम पुसत, नाक ओढत एका पंगतीला बसलेलं. ती परत आली तेव्हा घर तेच होतं, पंगतही तीच होती. ताटात मात्र फिकी दुधी होती. दुसऱ्या दिवशी फिके दोडके. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी, बहुधा पहिल्या दिवशीचीच बहीण.

"आई, आपल्याकडे मिरची मिळेनाशी झाली का?" तिनं हळूच विचारलं.

"तुया बाबाले बीपी निघाला," गोदाबाई कुजबुजल्या. "डॉक्टरनं तिखट कमी करा म्हणलं. आता तो बिचारा फिकं खाऊन राहिला, अन् आपुन त्याच्यासमोर बसून ठेचा खायाचा का?"

दामिनीचे डोळे भरून आले. (या घरात मिरचीशिवाय डोळ्यांत पाणी येण्याची ही पहिलीच वेळ.) दोन भाऊ, दोन वहिन्या, आई, सगळे एका माणसासाठी निमूटपणे दुधी गिळतात! तिकडच्या मैत्रिणींना तिनं रात्री बसून हे सविस्तर लिहून कळवलं. एकत्र कुटुंब म्हणजे काय, हे त्यांना एकदा समजायलाच हवं होतं.

तिचे वडील खुशालराव यांना तर या एका चुलीचा कोण अभिमान! वरूडकडे संत्र्याची बाग, अकोल्यात हे घर, पण लग्नकार्यात ते सांगत चुलीबद्दल. पाइपाचा गॅस आला तेव्हा कंपनीनं पाइप थेट गच्चीपर्यंत नेला होता आणि प्रत्येक मजल्यावर जोडणीसाठी तोंड ठेवलं होतं. खुशालरावांनी पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातलं तेवढं चालू ठेवून बाकीची बंद करून घेतली होती. वर जाहीरही केलं होतं, "या घरात दुसरी चूल पेटली, तर त्याच दिवशी मी बॅग घेऊन वरूडले चाललो. बगीच्यात झोपडी बांधून राहीन." ते बोलल्याप्रमाणे करणारे होते, म्हणून सगळे घाबरून होते.

तेवढ्यात गॅस कंपनीची नोटीस आली. इमारतीच्या मालकानं आतल्या पाइपाची तपासणी करून घेणं सक्तीचं. घेतली नाही तर गॅस बंद.

दामिनीला अगदी हेच हवं होतं. परदेशातली नोकरी नाकारून ती आली होती ती गावाला सुरक्षित करायला, आणि तीन महिन्यांत गावानं तिला एकदाही विचारलं नव्हतं. सुरुवात घरापासून करायची, असं तिनं ठरवलं. बाबा विरोध करतील म्हणून तिनं आकडेवारीसह भाषण तयार केलं आणि रात्री पंगतीत उभी राहिली.

"तपासा की!" पहिल्या वाक्यालाच खुशालराव म्हणाले. "आपल्याइथं लपवायले काय हाय?"

भाषण वाया गेलं. पण थोरल्या रागिणीवहिनीच्या हातातला वाढायचा डाव हवेतच थांबला.

"घरी कायले बोलवायचं?" किशोरदादा म्हणाला. "फोटो पाठवून दे ना त्यायले."

"फोटोत गळती दिसत नाही, दादा."

"वरच्या मजल्यायवर तर काही नाईच ना तपासायले," धाकटी वहिनी वर्षाली घाईघाईनं म्हणाली. "तिथं पाइप बंदच हाय."

"अन् गुरुवारी नको," गोदाबाई म्हणाल्या. "गुरुवारी माया उपास असते."

"उपासाचा आणि पाइपाचा काय संबंध?"

"पाहुणे आले का साबुदाणा नीट भिजत नाई."

दामिनीनं हे सारं एका शब्दात मनाशी नोंदवलं : अज्ञान. आणि तपासणी गुरुवारीच ठेवली.

गुरुवारी सकाळी कंपनीतर्फे इंजिनियर आला तो नागसेन. शाळेत दामिनीच्याच वर्गात होता. वर्गात तो हुशार आणि ती बोलकी, असं सर म्हणायचे. (आता आपण हुशारही झालो आहोत, हे त्याला दाखवायची तिला थोडी घाई होती.) स्वयंपाकघराचा कॉक बंद झाला. "तपासणी होईपर्यंत स्वयंपाक नाही, सगळ्यांनी केळी खा," असं तिनं फर्मान काढलं. किशोर, धाकटा भाऊ कुलदीप आणि त्यांच्या बायका केळी घेऊन वर गेले. आई म्हणाली, मी देवळात जाते. बाबा म्हणाले, मी बँकेत जातो. दोघं नागसेनचं लक्ष पाइपाकडे असताना निघून गेले.

दामिनी आणि नागसेन खाली जिन्याजवळच्या मीटरसमोर उभे राहिले.

"सगळं बंद हाय ना?" नागसेननं विचारलं.

"सगळं."

"मंग हे काहून फिरून राहिलं?"

मीटरचे आकडे खरोखरच पळत होते. दामिनी दचकली, आणि लगेच, खोटं कशाला बोला, आनंदही झाला. गळती! तिच्या कारकिर्दीतली पहिली, खरीखुरी गळती!

"सगळ्यांनी खाली या! लाइटचं बटण दाबू नका! लगेच खाली या!" ती जिन्यात ओरडली. परदेशी सरावात हे वाक्य तिनं इंग्रजीत म्हटलं होतं; वऱ्हाडात ते चौपट मोठ्यानं निघालं.

माणसं धडधडत उतरली. किशोर, रागिणी, कुलदीप, वर्षाली. त्यांच्यामागून बँकेत गेलेले बाबा आणि देवळात गेलेली आईही जिन्यावरूनच उतरली. दामिनीच्या हे लक्षात यायला हवं होतं, पण ती मीटरकडे पाहत होती. सगळे रस्त्यावर आले आणि मीटर थांबलं.

"थांबली गळती," नागसेन बुचकळ्यात पडून म्हणाला.

"थांबली ना? मंग आमी जातो वर," रागिणी म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता गेली. बाकीचेही गेले.

थोड्या वेळानं मीटर पुन्हा सुरू.

"खाली या!"

पुन्हा सगळे खाली. मीटर बंद. पुन्हा सगळे वर. मीटर चालू. तिसऱ्या वेळेला समोरचा किराणेवाला खुर्ची घेऊन फुटपाथवर बसला आणि शेजारच्या केशरबाई आपल्या नातवाला उचलून दाखवायला घेऊन आल्या.

नागसेननं टोपी काढून डोकं खाजवलं. "दामिनी, मी लय गळत्या पाह्यल्या. पण तुमच्या घरची गळती माणसं पाहून होते लेका."

तेव्हा कुठे दामिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं सगळ्यांना चौथ्यांदा वर जाऊ दिलं, साबणाच्या पाण्याची बाटली उचलली, चपला खालीच काढल्या आणि अनवाणी जिना चढायला लागली. मागे नागसेन.

दुसऱ्या मजल्यावर किशोरदादाच्या गॅलरीत कूलर उभा होता. कडाक्याची थंडी पडली तरी हा कूलर का काढलेला नाही, असा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. कूलरच्या मागून चुर्र असा आवाज आला. तिनं वाकून पाहिलं. बंद असायला हवं होतं त्या तोंडातून एक भेगाळलेली रबरी नळी निघाली होती, नळीच्या टोकाला शेगडी, शेगडीवर लालभडक वांगी, आणि वांग्यांवर झुकलेली रागिणी.

"वहिनी!"

"अगं बाई! ओरडू नको व, मामाजी ऐकतीन!" रागिणीनं तिचा हात धरला. "तुया दादाले त्या दुधीनं रात्री झोप नाई येत. खाली सगळ्यायसंग जेवतो ना आमी गुमान! मामाजीले एकटं वाटू नाई म्हणून जेवतो. अन् वर येऊन... थोडंसं."

नळीच्या जोडावर नागसेननं साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडे फुगले. एवढे, की किशोरदादाचा चेहरा त्यापुढे बारीक दिसायला लागला. नागसेननं आधी शेगडी विझवली, मग तोंड बंद केलं.

तिसऱ्या मजल्यावर वर्षाली दारात पहारा देत होती आणि धुण्याच्या मशीनमागे कुलदीप अंड्याची भुर्जी परतत होता. तशीच रबरी नळी, तसेच बुडबुडे. "ताई, बाबाले नको सांगू," तो काकुळतीला आला. "तो खरंच जाईन वरूडले. त्याचं बीपी, तिथं एकटा, काही झालं तं?"

दामिनी जिन्यावर उभी राहिली. खाली किराणेवाला, वर आभाळ. सांगितलं तर बाबा घर सोडणार. लपवलं तर या नळ्या कधीतरी सगळ्या घरालाच वर पाठवणार. तिकडे शिकताना प्रत्येक परीक्षेत तिनं लिहिलं होतं, जीव आधी, मान नंतर. पण परीक्षेत तो मान कुणाच्या तरी बाबांचा होता, तिच्या नाही.

"सांगणार," ती म्हणाली.  "आधी सगळा पाइप पाहते. गच्चीवरचं तोंड राहिलंय."

ती पुढे, मागे नागसेन, त्याच्यामागे हात जोडत किशोर, रागिणी, कुलदीप, वर्षाली अशी वरात गच्चीवर पोचली. पाण्याच्या टाकीमागून धूर येत होता. धूर नव्हे, ठसका. सगळे एकदम खोकायला लागले.

टाकीच्या आडोशाला पाटावर बसून खुशालराव तव्यावर हिरव्या मिरच्या भाजत होते. समोर गोदाबाई लसूण-शेंगदाणे कुटत होत्या. उपास असूनही.

"बाबा! दुसरी चूल!"

"ही चूल नोय व," खुशालराव न डगमगता म्हणाले. "शेगडी हाय."

"आणि बीपी?"

"बीपी तं गोळीनं कधीचाच ताब्यात आला. डॉक्टर म्हणे, बेतानं खात जा. पण पोरायले आता हेल्दी खायाची सवय लागली. एवढ्या आवडीनं दुधी खाऊन राहिले. मी कायले त्यायच्या आड येऊ? म्हणून आमी दोघं गुपचूप..." बोलता बोलता त्यांचं लक्ष कुलदीपच्या हातातल्या कालथ्याकडे गेलं. त्याला भुर्जी चिकटलेली होती. मग रागिणीच्या पदरावरच्या तर्रीकडे. खुशालराव ताडकन उठले.

"म्हणजे तुमच्या बी? माया घरात? दुसरी चूल? तिसरी बी? बस्स! मी चाललो वरूडले!"

"जा," गोदाबाई शांतपणे म्हणाल्या. "पयले हातातला चिमटा तं ठेवा. त्याले मिरची लागून हाय."

खुशालरावांनी चिमट्याकडे पाहिलं. मिरचीकडे पाहिलं. लेकरांकडे पाहिलं. आणि त्यांच्या पोटातून जे हसू उसळलं, त्यानं टाकीवरची कबुतरं उडाली. मग किशोर हसला, रागिणी पदर तोंडाशी धरून हसली, आणि वर्षाली तर मटकन खालीच बसली. महिनोन्‌महिने सगळं घर एकमेकांसाठी दुधी खात होतं, आणि दुधी कुणालाच नको होती. तिन्ही ठिकाणच्या नळ्या एकाच नळवाल्यानं जोडल्या होत्या. त्यानं तिघांनाही गुपित राखायचं वचन दिलं होतं, आणि माणूस शब्दाचा पक्का निघाला.

पण दामिनी हसली नाही. तिनं खालचा मुख्य कॉक बंद करवला आणि पाटावर उभी राहिली. वाया गेलेलं भाषण अखेर कामाला आलं. आकडेवारी तिनं वगळली. फक्त गच्चीवरच्या शेगडीची रबरी नळी हातात धरली आणि वाकवली. भेग उघडली, सगळ्यांना आरपार दिसली.

"याच्यावर मिरच्या भाजत होता तुम्ही, बाबा. खाली पिंकी आणि गोलू झोपतात."

दादाची मुलगी पिंकी आणि कुलदीपचा गोलू शाळेत गेले होते.  खुशालरावांनी स्वतः नळी तिच्या हातातून घेतली आणि म्हणाले, "नागसेन, काढ बाप्पा सगळ्या. आत्ताच."

संध्याकाळपर्यंत सगळ्या नळ्या निघाल्या, तोंडं धातूच्या बुचांनी पक्की बंद झाली. साबणाच्या पाण्याला कुठेच बुडबुडा आला नाही. सगळं घर वर असताना मीटर थांबलेलं राहिलं, आणि फुटपाथवरच्या किराणेवाल्यानं टाळ्या वाजवल्या. केशरबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, "पोरी, उद्या आमच्या बिल्डिंगचं बी पाह्य." त्यांच्यामागे आणखी मालक उभे राहिले. तीन महिने कुणी न विचारलेली दामिनी दिवेलागणीला जठारपेठेची 'मॅडम' झाली होती.

रात्री पहिल्या मजल्यावरच्या खऱ्याखुऱ्या एकुलत्या एका चुलीवर वांगी शिजली. ठेचा कुटला गेला. खुशालरावांनी हात वर करून जाहीर केलं, "आजपासून एक चूल, एक चव! वेगळी भांडी नाई, वेगळी फोडणी नाई!" सगळ्यांत मोठ्यानं दामिनीच ओरडली, "मंजूर!" आणि दोन वर्षांचे बटाटे व तीन महिन्यांची दुधी एका घासात विसरून जायला बसली. घाम आला, नाक वाहिलं, डोळे वाहिले. चित्र अगदी मनातल्यासारखं होतं. तिनं ठेचा तीनदा मागून घेतला.

पहाटेपासून मात्र ती खोलीत कमी आणि बाथरूममध्ये जास्त होती. ताकाचा तिसरा पेला पोटाशी धरून, भिंतीला टेकून तिनं सकाळी निर्णय घेतला आणि नागसेनला फोन लावला.

"नागसेन, एखाद्या घरात नियमानुसार दुसऱ्या शेगडीसाठी जोडणी घ्यायची असेल, तर काय करावं लागतं?"

"अर्ज, नवी तपासणी. कोणाच्या घरी पायजे?"

"आहे एक. पहिल्याच मजल्यावर, छोटी खोली आहे तिची." ती शक्य तितक्या हळू म्हणाली. "फक्त दुधी शिजवायची आहे."

दाराबाहेर ठेच्याचा घास घेऊन उभे असलेले खुशालराव आनंदानं घरभर ओरडत सुटले, "गोदा, अवं गोदा! पोट्टीनं शेवटी घर फोडलंच!"