चार हातांचं मीठ

नागापूरच्या एमआयडीसीत कानिफनाथ दरंदले यांची खानावळ एकोणीस वर्षं चालली होती आणि त्या एकोणीस वर्षांत तिच्या स्वयंपाकघरात कोणी आवाज चढवला नव्हता. कानिफनाथांना हे कधी खटकलं नव्हतं. खटकलं ते पाय मोडल्यावर.

जिन्यावरून घसरून पायाला प्लास्टर बसलं. घरी पडून जीव आंबून गेला, तेव्हा त्यांच्या मुलीने, सृष्टीने, मोबाईलवर एक मालिका लावून दिली. मोठ्या शहरातलं मोठं हॉटेल आणि त्याच्या भटारखान्यातली पळापळ. पांढऱ्या कोटातला शेफ ओरडतोय, सुऱ्या खणखणताहेत, ताटं भिंतीवर आपटताहेत, आणि सगळे एका सुरात "हो, शेफ" म्हणताहेत. कानिफनाथांनी ती तीन आठवड्यांत दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा पाहताना त्यांना झोप लागेनाशी झाली. आपणही याच धंद्यात आहोत, मग आपल्याकडे ताण कसा नाही?

प्लास्टर निघाल्यावर ते काठी टेकत खानावळीत आले आणि गल्ल्यावर न बसता थेट स्वयंपाकघरात शिरले. आत नेहमीचंच चाललं होतं. त्यांची बायको विजयमाला वाटण काढत होती, छबूबाई भाकरी थापत होत्या, दया कांदा चिरत होती. तिघींच्या हाताबरोबर तोंडही चालू होतं. कोणाची नणंद आली, कोणाची गॅसची टाकी संपली, आणि त्यातच मध्ये "हळद टाकली गं?" "टाकली."

"असा धंदा वाढत नसतो," कानिफनाथ म्हणाले.

"अहो, काय झालं?" विजयमालाने विचारलं.

"गुरुवारी पंप कंपनीची ऐंशी माणसं जेवायला यायचीत. त्यांचं कँटीन बंद पडलंय. जेवण पसंत पडलं तर रोजचं काम आपल्याला. आणि इथं गप्पा." त्यांनी काठी फरशीवर आपटली. "आजपासून स्वयंपाकघरात बडबड बंद. मी सांगायचं, तुम्ही करायचं. उलट प्रश्न नाही. उत्तर एकच, हो, शेफ."

छबूबाईंचा हात थांबला. "शेपू तर आज आनलाच न्हाई, मालक."

"शेपू नाही, शेफ."

"व्हय, शेप."

दयाने तोंडाला पदर लावला. विजयमालाने नवऱ्याकडे पाहिलं. तीन आठवडे घरात कोंडलेला माणूस, आठवडाभर खेळेल आणि थकेल, असा तिने विचार केला आणि "हो, शेफ" म्हणून टाकलं.

थकण्याचं चिन्ह मात्र दिसेना. बुधवारपर्यंत नियम वाढत गेले. कोणाच्या पाठीमागून जाताना "मागून" म्हणायचं. कोपऱ्यावर वळताना "कोपरा" म्हणायचं. स्वयंपाकघर दहा बाय बाराचं, त्यामुळे बायका दिवसभर कोपऱ्यावरच असायच्या. चालायचं नाही, धावायचं. धावताना दयाने छबूबाईंच्या परातीत पाय दिला, तेव्हा कानिफनाथांना पहिल्यांदा जरा समाधान वाटलं.

गुरुवारी कंपनीचे मॅनेजर दानीएल साळवे साडेअकरालाच आले आणि बाहेर टेबलाशी बसले. ते आलेत हे कळताच कानिफनाथांच्या अंगात वारं शिरलं. आत चाळीस लिटरच्या पातेल्यात मटकीची आमटी उकळत होती.

"आमटीला मीठ," ते गरजले.

"हो, शेफ," तिघी एकदम म्हणाल्या.

दया पातेल्याजवळ होती. तिने ओंजळभर मीठ टाकलं. तेवढ्यात "ताटं पुसा" असा हुकूम आला आणि ती "कोपरा" म्हणत पळाली. छबूबाई तव्यापुढून उठल्या. हुकूम सगळ्यांना होता आणि आपण म्हातारं माणूस मागं राहायला नको, म्हणून त्यांनी दोन मुठी टाकल्या आणि "मागून" म्हणत परत गेल्या. आमटीचं मीठ एरवी विजयमालाच टाकायची. ती वाटणाचे हात धुऊन आली आणि तिने आपल्या रोजच्या अंदाजाने टाकलं. रोज ती आधी "कोणी मीठ टाकलं का गं?" असं विचारायची. आज विचारायला बंदी होती.

शेवटी कानिफनाथ पातेल्याशी आले. मालिकेतला शेफ शेवटची चिमूट स्वतः टाकायचा, हात उंच धरून. त्यांनीही हात उंच धरला. मात्र एवढ्या मोठ्या पातेल्याला चिमूट शोभेना, म्हणून मूठ घेतली.

बाराला पाच कमी असताना त्यांनी स्वच्छ चमचा बुडवून चव घेतली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला.

अशा वेळी शेफ काय करतो ते त्यांना पाठ होतं. तो पातेलं लाथेने उडवतो. पण पाय नुकताच प्लास्टरमधून निघाला होता, पातेलं चाळीस लिटरचं होतं, आणि बाहेर साळवे बसले होते. कानिफनाथांनी काठी उचलली आणि पुन्हा फरशीवर टेकली.

विजयमालाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतः थेंबभर चाखलं आणि गॅस बारीक केला. "मीठ कोणी कोणी टाकलं?"

दयाचा हात वर गेला. छबूबाईंचा गेला. विजयमालाने स्वतःचा धरला. बऱ्याच वेळाने कानिफनाथांचाही हात खांद्यापर्यंत आला.

"साडेबाराला माणसं येतील, पस्तीस मिनिटं आहेत," ती शांतपणे म्हणाली. "दया, निम्मी आमटी दुसऱ्या पातेल्यात काढ आणि दोन्हीत आधणाचं पाणी ओत. छबूमावशी, शनिवारच्या शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ दळून आणलंय ना?"

"हाय की, डबा भरून."

"बिनमिठाचं मळा. शेंगोळे करून आमटीतच सोडू. मीठ ओढून घेतील."

मग त्या दहा बाय बारात कोणी धावलं नाही. "पाणी ओतलं गं?" "ओतलं." "लसूण हाय का अजून?" "फळीवर बघा." दयाने नणंदेची राहिलेली गोष्टही पूर्ण केली. कानिफनाथांना स्टुलावर बसवून त्यांच्या पुढ्यात पिठाचा गोळा ठेवला गेला. ते शेंगोळे वळू लागले. एक लांब व्हायचा, एक जाड, काहींची टोकं जुळायचीच नाहीत. बाहेर ऐंशी माणसांच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, तसे ते आणखी भराभर वळू लागले. एकोणीस वर्षं गल्ल्यावर बसून त्यांना आतलं हे काम कधी दिसलं नव्हतं.

"आणखी पातळ वळा," विजयमाला म्हणाली. "कच्चे राहतील."

पहिली चाळीस ताटं पावणेएकला गेली, उरलेली त्यामागोमाग. कानिफनाथ दाराआडून बघत राहिले. माणसं रस्सा मागत होती. एकाने तिसऱ्यांदा मागितला.

सगळे उठल्यावर साळवे हात पुसत दाराशी आले. "दरंदले, जेवण एक नंबर. नेवाशाला माझी आई असे शेंगोळे करायची. काम तुमचंच. पण एक बोलू का, रागावू नका."

"बोला ना साहेब."

"आमच्या माणसांच्या कानात सकाळपासून मशीन धडधडतंय. जेवताना तरी शांतता पाहिजे. मी मघापासून ऐकतोय, आत नुसता गदारोळ. मी म्हटलं, तुमच्या घरात वाटणीचा वाद आहे की काय."

कानिफनाथांनी काठी दाराआड सरकवली.

"तेव्हा असं करा, डबे कंपनीत पाठवा. रोज ऐंशी, साडेबाराच्या आत गेटवर. मात्र आणायला जबाबदार माणूस हवा. पाच मिनिटं उशीर झाला तर कामगार मला खातील."

"हे येतील की," आतून विजयमाला म्हणाली.

सोमवारपासून कानिफनाथ मेव्हण्याच्या छोट्या टेम्पोत त्याच्या शेजारी बसून डबे घेऊन निघू लागले. पहिल्या दिवशी चौकात ट्रक आडवा लागला होता. त्यांनी खाली उतरून चार ड्रायव्हरांशी वाद घातला, रस्ता मोकळा करून घेतला, गेटवर पासवरून वॉचमनशी भांडले आणि बारा एकोणतीसला शेवटचा डबा आत पोचवला.

दोन वाजता ते परत आले, तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि आवाज बसला होता.

"झालं का नीट?" विजयमालाने विचारलं.

"काय सांगू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "श्वास घ्यायला सवड नव्हती." आणि बाकावर आडवे झाले. इतके दिवस धड न लागलेली झोप त्यांना त्याच क्षणी लागली. आत छबूबाईंनी मान वळवून पाहिलं आणि शेवटच्या चार भाकऱ्या अगदी हलक्या हाताने थापल्या.