विम्याविना एक दिवस

शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात विमा एजंटचा फोन आला आणि मालकांचं तोंड उतरलं.

“जुनी पॉलिसी काल संपली. नवी उद्यापासून सुरू.”

“आणि आज?”

“आज काही नाही. सहीला तुम्हीच एक दिवस उशीर केलात ना!”

केला होता खरा. चौदा पानं न वाचता सही करायला मी काय खुळा आहे, असं म्हणत मालकांनी ती दोनदा वाचली होती. मतलब एवढाच, की दुकानात गिऱ्हाइकाला भाजलं किंवा कुणी घसरून पडलं, तर भरपाई विमा कंपनी देणार. ज्या बड्या कंपनीची फ्रँचायझी घेऊन ते हे सूपचं दुकान चालवत होते, तिचा करार त्याहून कडक. विमा नसताना अपघात झाला, की पाटी उतरली. न कळवता दुकान बंद ठेवलं, तरी उतरली. आणि कळवायचं तर काय कळवायचं, कपाळ!

“एक दिवस सांभाळून घेऊ. त्यात काय एवढं?” बायको म्हणाली.

झालं! मालकांनी सांभाळायलाच घेतलं. सूप कोमट केलं. पावाच्या कडक कडा कापल्या. काटे-सुऱ्या कपाटात कोंडल्या. मग दारात उभं राहून ते येणाऱ्या प्रत्येकाला हात धरून खुर्चीपर्यंत नेऊ लागले.

“मी काय लहान मूल आहे?” एका पैलवानानं हात झटकला.

“आजच्या दिवस आहात,” मालक काकुळतीनं म्हणाले.

कोमट सूप पाहून तरुण मंडळी नाकं मुरडत निघून गेली. मालकांना हायसं वाटलं. तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. पहिल्याच चमच्याला त्यांचे डोळे भरून आले.

“अगं बाई! जीभ पोळली नाही. पावही दाताला लागत नाही. आणि हात धरून तर माझा मुलगासुद्धा बसवत नाही हो!” त्यांनी लगेच फोन काढला.

“कुणाला लावताय, बाई?”

“आमच्या ज्येष्ठ मंडळाला. चौतीस जण आहोत.”

मालकांनी आचाऱ्यालाही दारात बोलावलं. अर्ध्या तासात काठ्या, वॉकर आणि ऑपरेशन झालेले गुडघे दारात हजर! मालक, त्यांची बायको आणि आचारी एकेकाला धरून आणत होते. एका आजोबांची कवळी वाडग्यात पडली, तेव्हा आजोबांपेक्षा मालकच जोरात ओरडले. त्यात शिक्षिकाबाई सगळ्यांचा फोटो काढायला खुर्चीवर चढल्या.

“बाई, उतरा! पाया पडतो तुमच्या!”

“पडू नका, खुर्ची धरा. फोटो हलतोय.”

संध्याकाळी शेवटचा वॉकर रस्त्याला लागला. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. मालक मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पॉलिसी हातात पडली आणि मालकांची छाती फुगली. सूपला उकळी आली, पावाच्या कडा परतल्या, दारात कुणी उभं राहिलं नाही. मंडळ आलं. चौतीस जण आपापले धडपडत बसले, एकेक चमचा तोंडात घातला आणि हायहुय करत उठले.

“अहो, काल आमची किती काळजी घेत होता!” शिक्षिका म्हणाल्या. “आज कोण घेणार?”

“विमा कंपनी,” मालक ऐटीत म्हणाले.

“मग सूपही त्यांनाच पाजा,” बाई म्हणाल्या आणि सगळं मंडळ घेऊन चालू लागल्या.