सात सेकंद बाकी

देशासाठी मेलेल्या माणसाला विसरणे हा कृतघ्नपणा आहे. आठवण ठेवण्याचे काम लोकांच्या मर्जीवर सोडले तर तो होणारच, हे ओळखून सरकारने त्यासाठी स्वतंत्र कचेरी काढली. कृतज्ञता कचेरी तिसऱ्या मजल्यावर आहे. (लिफ्ट बंद असते, पण वीरपत्नींना जिन्यावर प्राधान्य मिळते.)

कचेरीचा नियम साधा आहे. प्रत्येक हुतात्म्यासाठी समाजाने दोन मिनिटे मौन पाळायचे. ती दोन मिनिटे भरली की सन्मान पूर्ण झाला, आणि सन्मान पूर्ण झाला की त्याच्या सामानाची ट्रंक घरच्यांच्या ताब्यात द्यायची. ट्रंक आधी दिली तर सन्मान अर्धवट राहील. अर्धवट सन्मान म्हणजे अपमानच; तो सरकारने कोणत्या तोंडाने करायचा?

मौन मात्र निर्भेळ लागते. गेल्या वर्षी चारशे बारा मौने झाली. पैकी तीनशे नऊ खोकल्यामुळे रद्द झाली, चौसष्ट मोबाइलमुळे, आणि एक प्रमुख पाहुणे घोरू लागल्यामुळे. (त्यांचे मिटलेले डोळे पाहून सुरुवातीला सभागृहाला गहिवरून आले होते.) उरलेली अडतीस सगळ्या हुतात्म्यांत सारखी वाटण्यात आली.

काउंटरपुढे उभ्या असलेल्या मुलीच्या वडिलांच्या वाट्याला आजवर एक मिनिट त्रेपन्न सेकंद आले होते.

ती अकराव्यांदा जिना चढून आली होती. वडील सैन्यात वायरलेसवर होते; खरखरीतून माणसाचा आवाज वेचून काढणे हे त्यांचे काम. त्यांची ट्रंक काउंटरच्या मागेच होती. तिच्यावर मौन-लिपिक आपला जेवणाचा डबा ठेवत असे. ट्रंकेत आईने विणलेला स्वेटर होता, एक बाही आखूड असलेला. वडिलांनी तो आठ हिवाळे विनातक्रार घातला, एक हात सतत खिशात ठेवून. ट्रंकेसाठी आईने घरी कॉटखालची जागा रिकामी केली होती आणि ती रोज झाडत होती.

"सातच सेकंद राहिलेत हो," ती म्हणाली. "मी आत्ता इथे गप्प उभी राहते."

"घरच्यांचं मौन चालत नाही, ताई. ते दुःख झालं. आम्हाला आदर लागतो."

"आई तर चार महिने धड बोललेली नाही."

"बघा ना," लिपिक हळहळला. "केवढं मौन वाया गेलं!"

"मग तुम्ही पाळा."

"मी ड्यूटीवर. पगारी मौन धरत नाहीत."

माणूस मनाने चांगला होता. इकडेतिकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. "एक पळवाट आहे. वडिलांवर एखादा कागद लिहा. कुणी तिऱ्हाइताने तो मुकाट्याने वाचला, तर त्याचे सेकंद धरता येतात. वाचताना माणूस गप्पच असतो. फक्त मध्ये हसता कामा नये. हसला, की रद्द."

ती घरी आली तेव्हा आईच्या हातात झाडू होता. "आणलीस का गं?"

"आधी बाबांवर लिहून द्यायचंय."

आई थोडा वेळ झाडत राहिली. मग म्हणाली, "लिही. बाहीचं तेवढं लिहू नकोस हं. लोक हसतील."

ती लिहायला बसली. पण खरे लिहायचे म्हटल्यावर बाही आलीच. बाहीपाठोपाठ ट्रंक आली, ट्रंकेवरचा डबा आला, कचेरी आली, घोरणारे पाहुणे आले. एकालाही बाहेर ठेवता येईना.

तो कागद सध्या तुमच्या हातात आहे. प्रश्न फक्त सात सेकंदांचा आहे, आणि आईने कॉटखाली आजही झाडले आहे. तेव्हा जरा आठवून सांगा: पाहुण्यांच्या घोरण्यापाशी तुम्ही हसला तर नाहीत ना?